आधी थांबली पाहिजे

सकाळी ६.१०, बदलापूर स्टेशन

मे महिन्यात गार वारा मिळतो तो याच वेळेला, तोही फलाटावर. लोकल आली की दारातच उभा राहतो. अंबरनाथ, मग उल्हासनगर, दोनच स्टेशनं. बसायची सवय कधी लागली नाही. खांद्याच्या पिशवीत डबा, चष्मा आणि दोनशे पानी वही. वहीचं आजचं पान मधोमध रेघ मारून दुभागलेलं आहे. डावीकडे ‘लागणारच’, उजवीकडे ‘थांबेल’. वर गाडीचं नाव: स्प्लेंडर, १९९९. त्याखाली आकडा: ९,०००.

दहा दिवसांपूर्वी बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी छोट्या टेम्पोत घालून ही गाडी घेऊन आली. अंबरनाथच्या एमआयडीसीत नुकतीच नोकरीला लागली आहे, पाळी सकाळी सातची. बदलापूर पश्चिमेहून रोज रिक्षा बदलत जायचं म्हणजे पगाराचा मोठा लचका तुटतो. गाडी वडिलांची. “काका, नऊ हजार आहेत,” ती म्हणाली, “वर एक रुपया नाही. होणार असेल तर हो म्हणा, नाहीतर आत्ताच भंगारवाल्याकडे नेते.” बोलता बोलता ओढणीच्या टोकाने ती मीटरची काच पुसत होती. मी हो म्हटलं. आज संध्याकाळी सहाला द्यायची आहे.

६.५०, उल्हासनगर, कॅम्प २

नेहरू चौकाच्या अलीकडे रिक्षातून उतरतो. बाजार अजून झोपलेला, झाडूवाल्यांचे खराटे तेवढे चालू. माझं गॅरेज एका जुन्या बॅरेकच्या टोकाला आहे, एका शटरचं. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा तळ होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना या बॅरेकींत उतरवलं गेलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीची पायाभरणी होऊन तिचं उल्हासनगर झालं. अजूनही इथला माणूस पत्ता सांगताना बॅरेक नंबर आधी सांगतो. माझे उस्ताद सिंधी होते. त्यांच्या वडिलांनी अशाच एका बॅरेकीच्या पडवीत सायकली दुरुस्त करून घर उभं केलं होतं. नट गंजला म्हणून उस्तादांनी तो कधी फेकला नाही. रॉकेलच्या डब्यात टाकायचे, आठवड्याने काढायचे, आटे साफ करायचे आणि पुन्हा वापरायचे. मी १९९७ मध्ये आयटीआय करून त्यांच्याकडे लागलो, आणि हात तिथे बसला.

शटर वर गेलं. गाडी स्टँडवर उभी आहे. टाकी वेगळी, सीट वेगळी, दोन्ही चाकं मोकळी. इंजिन अजून फ्रेममध्येच.

७.००

चाकं आधी. गाडी कुठलीही असो, बजेट कितीही असो, माझ्याकडे कामाची सुरुवात ब्रेकपासून होते.

याचं कारण सांगितलं पाहिजे. पैसे कमी असले की ते इंजिन खातं. इंजिनाला आवाज असतो, धूर असतो. गिऱ्हाइकाला तेच दिसतं आणि मिस्त्रीलाही त्यातच मान वाटतो. मग पैसे संपतात आणि ब्रेक शू ‘पुढच्या महिन्यात बघू’ या खात्यात जातात. उस्ताद सांगायचे, गाडी आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे. मी ते ऐकलं होतं, पण लक्षात राहिलं २००३ साली. एका दूधवाल्याची गाडी मी इंजिन करून दिली आणि ब्रेक पुढे ढकलले, कारण त्याच्याकडे पैसे नव्हते आणि मला त्याची अडचण दिसत होती. पंधरा दिवसांत उतारावर तो हातगाडीला धडकला. मनगटाचं हाड मोडलं. तो मला एका शब्दाने बोलला नाही. प्लास्टर निघाल्यावर ब्रेकचे पैसे घेऊन आला आणि म्हणाला, आता करा. त्या दिवसापासून वहीचं पान दुभागायला लागलो, आणि डाव्या बाजूची पहिली ओळ कधी बदलली नाही.

या स्प्लेंडरच्या ड्रममध्ये गंजाचा पापुद्रा आहे. पॉलिश पेपरने तो काढला की खाली लोखंड चांगलं निघतं, खड्डा नाही. शूचं लायनर अजून दिसायला जाड, पण काचेसारखं गुळगुळीत झालेलं आणि एका कडेने सुटलेलं. ते कामाचं नाही. खरी अडचण वेगळीच आहे: ब्रेकचा कॅम, म्हणजे शू फाकवणारी ती छोटी दांडी, प्लेटमध्ये अडकून बसली आहे. नुसते नवे शू टाकून दिले असते तर पहिल्या दाबाला ब्रेक लागला असता आणि सुटलाच नसता. रॉकेल, हलकी हातोडी, पुन्हा रॉकेल. पाऊण तासाने दांडी फिरली. बाहेर काढून पुसली, ग्रीस लावून बसवली. दोन्ही चाकांचे शू मिळून ३६० रुपये, आणि कॅम मोकळा करायला पैसे लागले नाहीत, फक्त वेळ. कमी बजेटच्या कामात हेच करायचं असतं: जिथे पैसा नाही तिथे हात घालायचे.

टायरचं मुलीला पटवावं लागलं होतं. “नक्षी तर आहे अजून,” ती म्हणाली होती. नक्षी होतीच. मी तिला टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले, ३११४. म्हणजे २०१४ सालचा एकतिसावा आठवडा. मग टायर वाकवून दाखवला. नक्षीच्या मुळाशी केसासारख्या भेगा उघडल्या. रबर न चालवताही म्हातारं होतं. दोन टायर आणि दोन ट्यूब मिळून ३,१४० रुपये, म्हणजे एक तृतीयांश बजेट, आणि तरीही ते डाव्या बाजूलाच. पुष्कळ लोक जुने टायर विकत घेतात. मी बसवून देत नाही.

९.१५

पोरगा आला. सतरा वर्षांचा आहे, वर्षभर माझ्याकडे शिकतोय. येताना दाल पकवान घेऊन आला. वरून चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. हात धुऊन दोघांनी उभ्यानेच खाल्लं. कॅम्पात राहून ही न्याहारी न आवडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

९.४०

आता हेड.

गाडी आली तेव्हा किक खाली जातच नव्हती. पोराने जोर लावायला पाय उचलला, मी थांबवलं. अडकलेल्या पिस्टनवर जोर केला तर रिंग तुटते, नाहीतर किकचे दात जातात, आणि मग नऊ हजारांत काहीच होत नाही. प्लग काढून भोकातून निम्मं डिझेल, निम्मं ऑईल ओतलं आणि तसंच ठेवलं. चौथ्या दिवशी मॅग्नेटच्या नटाला पाना लावून अगदी सुईच्या टोकाएवढा मागे, तेवढाच पुढे, असं करत राहिलो. सहाव्या दिवशी पिस्टन हलला. खालचं ऑईल काढलं तर दुधाळ, चहासारखं. त्यात पाणी होतं.

आज हेडचे नट तिरके तिरके, थोडे थोडे ढिले केले. हेड उचललं. पोरगा माझ्या खांद्यावरून वाकून बघतोय. ब्लॉक ओढून बाहेर काढताना मी श्वास धरला होता, हे कबूल करतो, कारण नऊ हजारांचं गणित या एका नळीवर उभं होतं. स्प्लेंडरचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५, त्यातूनच ते ९७.२ सीसी होतात. या नळीच्या भिंतीत खोल खड्डा निघाला तर बोरिंग, ओव्हरसाईज पिस्टन, सगळं आलं. तेवढे पैसे कुठल्याच रकान्यात नाहीत.

पिस्टन जवळजवळ वरच्या टोकाला येऊन थांबलेला होता. म्हणून बोअरचा मोठा भाग त्याच्याखाली झाकलेला, तेलात राहिला. गंज आहे तो वरच्या काठाशी, करंगळीच्या नखाएवढ्या पट्ट्यात. बोटाचं नख त्यावरून फिरवलं. एका जागी किंचित खरखर लागते, अडकत नाही. “तू बघ,” मी पोराला म्हटलं. त्याने डोळे मिटून नख फिरवलं. “नाही अडकत, उस्ताद.” नख अडकलं तर बोरिंग, नाही अडकलं तर होनिंग, मायक्रोमीटर नंतर येतो, नख आधी.

११.००, लेथ

ब्लॉक चिंधीत गुंडाळून लेथवाल्याकडे गेलो. माझ्याकडच्या चिंध्या कपड्यांच्या कारखान्यांतली कात्रणं. जीन्सचे तुकडे फुकट मिळतात, पण ते तेल शोषत नाहीत; बनियनचं कापड मात्र विकत घेण्याच्या लायकीचं. लेथवाल्याने डायल गेज आत सोडला, वर, मध्ये, खाली, आडवा, उभा. मान हलवली. होनिंगच्या दगडांनी भिंतीवर बारीक तिरप्या रेघा पाडल्या, एकमेकींना छेदणाऱ्या. या रेघांत तेल टिकतं आणि नवी रिंग भिंतीशी जुळते. आरशासारखा बोअर दिसायला सुंदर असतो, पण रिंगेच्या उपयोगाचा नसतो. पैसे १५० रुपये. परत येताना पावलं हलकी पडत होती.

१२.१५

लाईट गेली. कॉम्प्रेसर बंद, पंखा बंद, पत्रा तापलेला. हाताने करण्यासारखं काम काढलं: उजव्या बाजूचं क्लच कव्हर.

या इंजिनाला कागदी ऑईल फिल्टर नाही. क्रँकच्या टोकाला वाटीसारखा एक भाग असतो, तो इंजिनाबरोबर फिरतो. तेलातला जड कचरा बाहेरच्या कडेला फेकला जाऊन तिथेच चिकटतो. सर्व्हिसला आलेल्या कित्येक गाड्यांत ही वाटी जन्मात उघडलेली नसते, कारण ती दिसत नाही. झाकणाचे स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरने सोडवले. आत काळं तेल असायचं, तिथे राखाडी, बारीक, मऊ गाळ होता. पोराने बोटावर घेऊन वास घेतला. “हे तेल नाही.”

ते तेल नव्हतंच. ती उल्हास नदी होती.

२६ जुलै २००५ चा पूर या पट्ट्यात सगळ्यांच्या लक्षात आहे. वालधुनी आणि उल्हास दोन्ही नद्या फुगल्या होत्या. पण बदलापूरच्या माणसाला २०१९ चाही तितकाच आठवतो. २७ जुलैला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. त्याच रात्री ही स्प्लेंडर इमारतीच्या पार्किंगमध्ये सीटपर्यंत बुडाली होती. मुलीच्या वडिलांनी पाणी ओसरल्यावर पाईप लावून गाडी धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली, मग किका मारल्या. गाडी उठली नाही. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, मग गुडघे गेले, आणि ताडपत्री तशीच राहिली.

त्यांनी निष्काळजीपणा केला असं मी म्हणणार नाही. माहीत नसलं की सगळेच हे करतात. पण पुढच्या पावसाळ्यासाठी लिहून ठेवतो. पाण्यात बुडालेल्या गाडीला किक मारू नये, सेल्फ दाबू नये. आधी प्लग काढावा, खालचा बोल्ट काढून सगळं ऑईल सोडावं, कार्बोरेटर रिकामा करावा, एअर फिल्टर फेकावा. प्लगच्या भोकातून दोन चमचे तेल घालून इंजिन हाताने हळू फिरवावं, मग नवं ऑईल भरावं आणि थोडं चालवून तेही बदलावं. हे त्याच आठवड्यात झालं असतं तर ही गाडी सात वर्षं उभी राहिली नसती.

वाटी आईस्क्रीमच्या काडीने खरवडली, रॉकेलने धुतली. खालची ऑईलची जाळीही तशीच भरली होती. दोन्ही साफ. खर्च शून्य. पोराला सांगितलं, आज एवढंच शिकलास तरी दिवस वसूल.

१.३०

डबा. भाकरी आणि मेथीची भाजी. एक तरुण आला, आरएक्स १०० शोधतोय, कुठे मिळेल का विचारायला. मी त्याला बसवून खरं ते सांगितलं. ती गाडी १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली. टू-स्ट्रोक, ९८ सीसी, पळायला वाऱ्यासारखी, मलाही आवडते. पण आज तिचे अस्सल सुटे भाग शोधण्यात माणसाचा पगार जातो. स्प्लेंडरचं तसं नाही. १९८५ ची सीडी १००, १९९४ ची स्प्लेंडर, आणि त्यानंतर कित्येक वर्षं थोड्याफार फरकाने तेच ९७.२ सीसीचं घराणं. हिरो आणि होंडा वेगळे झाले, २०११ मध्ये कंपनीचं नाव बदललं, तरी रिंग कुठल्याही गल्लीत मिळते. हातात पैसे कमी असतील तर अशीच गाडी जिवंत करावी. तो ऐकून गेला. आरएक्स घेईलच, त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

२.१५, सुट्या भागांचं दुकान

लाईट अजून नाही. वही घेऊन निघालो.

दुकानदार काका मला पोरवयापासून ओळखतात. “साईं, आज कितीचं बजेट?” मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही रकाने वाचले. आमच्या गावाची ख्याती नकलेची आहे, हे जगाला माहीत आहे. पण नक्कल कुठे चालते आणि कुठे नाही, हे इथल्या चांगल्या दुकानदाराइतकं कुणाला कळत नाही. साईड पॅनेल, आरसा, ग्रिप, सीट कव्हर: स्वस्तातलं घ्या, काही बिघडत नाही. ब्रेक शू, ब्रेकची केबल, टायर, चेन: तिथे कंपनीचंच. खोट्या केबलचं टोक डोळ्याला चांगलं दिसतं आणि जोरात दाबल्यावर, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, निसटतं. काकांनी मला न विचारता स्वस्तातली ब्रेक केबल बाजूला सारली.

चेन-स्प्रॉकेट ८५०. जुनी चेन कडीकडीला अडकून काठीसारखी ताठ झाली होती. रिंगा, गॅस्केट आणि वॉल्व्ह सील मिळून ५००. ऑईल, प्लग, एअर फिल्टर ५६०. बॅटरी ७५०. बॅटरीवर मी बराच विचार केला, कारण स्प्लेंडरची ठिणगी आणि हेडलाईट थेट मॅग्नेटवर चालतात. बॅटरीशिवाय गाडी धावते. पण हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा बॅटरीवर आहे. सकाळच्या अंधारात कंपनीच्या ट्रकांमधून जाणाऱ्या मुलीच्या गाडीला ब्रेकचा दिवा हवाच. डावा रकाना.

सीट कव्हर उजवीकडे. मीटरची केबल उजवीकडे. टाकीचा रंग उजवीकडे. शॉकअपचं तेल गळतंय. फोर्क सील आणि फोर्क ऑईल उजवीकडे लिहिलं होतं, ते मी तिथे दुकानातच खोडून डावीकडे घेतलं. समोरचा फोर्क गळका असला की ब्रेक मारल्यावर पुढचं तोंड दबून नाचतं.

३.३०

लाईट आली. हेडचे वॉल्व्ह पेस्ट लावून घासले. काडीच्या टोकाला रबराची वाटी, तळव्यांत रवीसारखी फिरवायची. हे काम पोराला दिलं, कारण ते कानाने शिकायचं असतं: आधी खरखर, मग मऊ सरसर, मग थांबायचं. मग वॉल्व्ह बसवून पोर्टात पेट्रोल ओतलं आणि पाच मिनिटं ठेवलं. एक थेंब पाझरला नाही.

तोंडं एका रेषेत येऊ न देता रिंगा पिस्टनवर बसवल्या, ब्लॉक सरकवला, हेड ठेवलं. मॅग्नेटवरची ‘टी’ ची खूण खुणेसमोर, कॅमच्या चकरीवरची टिकली हेडच्या खाचेसमोर. एक दात इकडे-तिकडे झाला की सगळं पुन्हा. मी लावलं, पोराला तपासायला सांगितलं; त्याने लावलं असतं तर मी तपासलं असतं. टॅपेट ०.०५ मिलिमीटर. फिलर गेजची पात सरकताना लोण्यातून सुरी जावी तशी, पण किंचित धरून.

५.०५

कार्बोरेटर. वाटीत साचलेलं जुनं पेट्रोल वार्निश झालं होतं, वासही रंगाच्या दुकानासारखा. स्लो जेटचं भोक केसाएवढं. त्यात तार घालून उकरणारे मिस्त्री मला बघवत नाहीत. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, आणि मग गाडी आयुष्यभर पेट्रोल पिते. भिजत ठेवावं, नायलॉनचा धागा ओवावा, हवा मारावी.

टाकी काल व्हिनेगर आणि मूठभर जुने नट घालून हलवून हलवून धुतली होती, सोड्याच्या पाण्याने धुतली आणि दुपारभर उन्हात वाळवली. पेट्रोलची नळी मात्र नवीच. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने फुगतं, सुटतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून मुलीला दोन गोष्टी सांगायच्या आहेत: चार दिवस गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद कर, आणि महिनाभर राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा कर.

५.५०

एक लिटर पेट्रोल. चोक ओढला. आधी प्लग बाहेर ठेवून वीस-पंचवीस किका, तेल वर चढावं म्हणून. मग प्लग आत.

पहिली किक, दुसरी, पाचवी. आठव्या किकेला एक ठसका. अकराव्या किकेला इंजिन पकडलं आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. समोरचा टेलर दार लावायला उठला. हा धूर सायलेन्सरमध्ये गेलेल्या डिझेल-ऑईलचा, तो जळून जाईल. मी धुराकडे बघत नव्हतो. टॅपेटचं झाकण ढिलं करून तेल येतंय का ते बघत होतो. गाळाने एखादी वाट बुजलेली असेल तर दोन मिनिटांत कॅम कोरडा पडून जातो. एक, दोन, तीन, चार. बोटावर गरम, स्वच्छ तेल आलं. झाकण घट्ट केलं आणि मग कुठे पोराकडे बघितलं. तो हसत होता, आणि मीही.

हवेचा स्क्रू दीड फेऱ्यापासून सुरू करून आवाज सर्वांत मोकळा होईल तिथे ठेवला. धूर पाच मिनिटांत विरळ झाला, दहा मिनिटांत गेला.

६.३०

मुलगी आली, सोबत वडील. ते काठी टेकत रिक्षातून उतरले. मी स्टूल दिला. ते बसले नाहीत; इंजिनाजवळ कान नेऊन उभे राहिले.

“मिस्त्री, टिकटिक येतेय का जरा?”

“येतेय, भाऊ. गार असताना टॅपेट पाच पॉईंटवर लावलेत. नवीन गॅस्केट बसली की उद्या पुन्हा बघतो.”

“बघा. माझ्या कानाला पूर्वी येत नव्हती.” मग हेडलाईटच्या काचेवर हात ठेवून मुलीला म्हणाले, “तुला आणायला याच गाडीवर गेलो होतो, हॉस्पिटलात.” मुलीने ही गोष्ट पूर्वी ऐकली असणार, तरी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी उभी होती.

गोल मैदानाच्या बाजूला थोडी मोकळी जागा सापडली की मी चाचणी घेतो. आधी मी, मग ती. तिला लायसन्स आहे, पण गिअरच्या गाडीचा हात नवा. तिला फक्त एकच गोष्ट दहा वेळा करायला लावली: वीसच्या वेगाला यायचं आणि थांबायचं. मागचा आणि पुढचा ब्रेक एकत्र, पुढचा हळू वाढवत. “काका, चालवायला शिकवा ना, थांबायला काय,” ती तिसऱ्या वेळी म्हणाली. दहाव्या वेळेला तिची गाडी मी चपलेने आखलेल्या रेघेवर सरळ उभी राहिली, चाक न घसरता. तिने मागे वळून रेघ बघितली आणि काही बोलली नाही.

७.४०

हिशोब वहीत. शू ३६०, टायर-ट्यूब ३,१४०, चेन ८५०, बॅटरी ७५०, रिंगा-गॅस्केट ५००, ऑईल-प्लग-फिल्टर ५६०, केबली, कार्बोरेटर किट, नळी, बल्ब, फोर्क सील, लेथ मिळून १,०१०, पेट्रोल १०५, माझी मजुरी १,५००. एकूण ८,७७५. दोनशे पंचवीस रुपये परत दिले. तिने ते सीट कव्हरसाठी ठेवा म्हटलं. मी म्हटलं, आत्ता नको, कागदांना लागतील.

कागदांबद्दल पहिल्याच दिवशी स्पष्ट बोललो होतो, कारण लोक गाडी चालू झाली की काम संपलं समजतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, ते दर पाच वर्षांनी. वीस वर्षांवरच्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ पासून त्याची फी २,००० रुपये झाली आहे. पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट, ती ४५० रुपये अधिक जीएसटी. थर्ड पार्टी विमा ७१४ अधिक जीएसटी. पीयूसी. कल्याणच्या आरटीओत गाडी दाखवावी लागेल. तोपर्यंत रस्त्यावर नोकरीला नेता येणार नाही, हे मी वडिलांच्या देखत पुन्हा सांगितलं. त्यांनी खिशातून एक जुनं पाकीट काढलं. कागदांचे पैसे त्यांनी वेगळे जमवले होते, आणि मुलीला ते आत्ता कळलं.

८.४०

गाडी आज दिली नाही. सहाचा शब्द मोडला, आणि त्याबद्दल मी दोघांची माफी मागितली. इंजिन तापून पहिल्यांदाच गार होणार आहे. गॅस्केट कुठे पाझरते ते आज रात्रीच कळेल. वडील म्हणाले, “राहू दे, सात वर्षं राहिली तशी.” मुलीला वाईट वाटलं, ते तिने लपवलं नाही. परवा गाडी टेम्पोत घालूनच कल्याणला आरटीओत न्यायची ठरली.

पोराने हत्यारं पुसून पेटीत लावली, दहा-बाराचा पाना नेहमीसारखा सापडेना, मग तो त्याच्याच खिशात निघाला. मी टीव्हीच्या खोक्याचा एक पुठ्ठा कापला, स्वच्छ बाजू वर करून इंजिनाखाली सरकवला. पेन्सिलने त्यावर चार गोल काढले: ड्रेन बोल्टच्या खाली, क्लच कव्हरच्या खाली, मॅग्नेटच्या खाली, हेडच्या खाली. कुठल्या गोलात थेंब पडलाय ते सकाळी बघायचं.

शटर खाली ओढलं. नऊ-सोळाची लोकल मिळेल.